प्यायल्यावर मी हिंदी बोलतो

गोंदिया जिल्ह्यातला माणूस थंडीनं मरता मरता वाचला, असं सांगितलं की लोक आधी हसतात. उन्हाळ्यात लू लागून माणूस दगावतो हे सगळ्यांना पटतं. पण थंडी म्हटली की त्यांना बर्फ पाहिजे, पहाड पाहिजे, टीव्हीवर दिसतात तसे जाड कोटातले जवान पाहिजेत. माझ्याकडे यातलं काहीच नव्हतं. माझ्याकडे गावचा तलाव होता, डिसेंबरातलं ढगाळ वारं होतं आणि पोटात काकांनी प्रेमानं पाजलेली मोहाची दारू होती. तेवढ्यानं भागलं.

थंडीच्या दिवसांत ज्यांना पाण्यात उतरल्याशिवाय गत्यंतर नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. शिंगाडे तोडणारे, मासे धरणारे, पहाटे धानाच्या बांधीत पाणी फिरवणारे. मी डॉक्टर नाही. मला कळतं ते एवढंच, जेवढं माझ्यावर बेतलं.

देवाचा घोट

आमचं गाव गोरेगाव तालुक्यात. गावाला जुना, मोठा तलाव आहे आणि त्यात आम्ही ढिवर लोक मासे धरतो, शिंगाडे लावतो. माझं नाव शालिक. मी गोंदियाच्या कॉलेजात बी.ए. केलं, नोकरीची वाट पाहिली, नोकरीनं माझी वाट पाहिली नाही, मग मी परत पाण्यात उतरलो. तेव्हापासून गाव मला 'बी.ए. ढिवर' म्हणतं. पहिली काही वर्षं राग यायचा. आता कोणी नुसतं शालिक म्हटलं तर चुकल्यासारखं वाटतं.

शिंगाड्याचा वेल पावसाळ्यात लावायचा आणि दिवाळीपासून तोडणी सुरू. डोंगा जातो तिथवर डोंग्यात बसून तोडायचं, पण वेल दाट झाला की डोंगा अडतो. मग छातीइतक्या पाण्यात उतरून, एका हातानं वेल उलटत, दुसऱ्या हातानं तोडत जावं लागतं. हे काम तासन्‌तास चालतं.

पाण्यात उतरण्याआधी आमच्याकडे एक रीत आहे. घरातला थोरला माणूस पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभा राहून तलावाच्या देवाला मोहाच्या दारूची धार सोडतो. अर्धी बाटली देवाला, अर्धी उतरणाऱ्याला. त्याला देवाचा घोट म्हणतात. तो घेतला की अंगात गरमी राहते, असं माझा आजा सांगायचा, त्याचाही आजा सांगत असणार. नाही म्हटलं तर देव रागावतो आणि आमच्या घरी फागूकाकाही रागावतात. दोघांत काकांचा राग जास्त टिकतो.

फागूकाका म्हणजे माझ्या बापाचे धाकटे भाऊ. मी लहान होतो तेव्हा बाप याच पाळीवर गेला. गावातली गोष्ट अशी: बाप पिऊन पाण्यात उतरला, पिऊनच बाहेर आला, पाळीवर झोपला आणि उठला नाही. माझ्या आईनं त्यावर कधी एक शब्द काढला नाही. पण शाळेत भांडण झालं की पोरं मला ते ऐकवायची. म्हणून मी घरी कधी प्यायलो नाही. प्यायलो तर लग्नात, आणि पाण्यात उतरताना देवाचा घोट.

लग्नात प्यायल्यावर मला एक खोड आहे. थोडी चढली की मी हिंदी बोलायला लागतो. गोंदिया शहर हिंदी बोलणारं, कॉलेजची वर्षं तिथं गेली, त्यामुळे असेल. मेव्हण्याच्या लग्नात मी सासऱ्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो होतो, "आप बिलकुल चिंता मत कीजिए, हम हैं ना." सासरे बिचारे वरातीत कधी नव्हे ते चिंतेत पडले. माझी बायको पुस्तकला ही गोष्ट आजही पाहुण्यांना अभिनयासह सांगते. या खोडीवर एक दिवस माझा जीव टांगलेला असेल, असं तेव्हा कोणाला वाटलं असतं?

गरम होऊन राहिलं

त्या दिवशी सकाळपासून आभाळ होतं. पाऊस म्हणावा तर पाऊस नाही, पण अंग ओलं व्हायचं. वारा तलावावरून सरळ अंगावर यायचा. गोंदियाच्या व्यापाऱ्याचा टेम्पो दुपारी येणार होता आणि बारदाने भरायचे बाकी होते. काकांनी देवाला धार सोडली, मला घोट दिला, मी उतरलो. पलीकडच्या बाजूला दोघे भाऊबंद डोंग्यात होते.

बराच वेळ तोडून मी पाळीवर आलो तेव्हा दात वाजत होते. काका म्हणाले, "कुडकुडून राहिला गा. घे, अजून घे."

मी घेतली. आणि काय सांगू, थोड्या वेळात कुडकुडणं थांबलं. कान गरम झाले, गाल गरम झाले, अंगात ऊब पसरली. मला वाटलं, औषध लागू पडलं. मी काकांकडे पाहून हसलो आणि पुन्हा पाण्यात गेलो, पहिल्यापेक्षा आत, जिथं वेल जास्त दाट होता. ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यापुढचं धड काही आठवत नाही.

तुकडे आठवतात. बोटं मिटत नव्हती. शिंगाडा हातात यायचा आणि सुटायचा, आणि मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. मग मी बाहेर आलो, कसा ते माहीत नाही. पाळीवर बसलो. आणि मग एकदम मे महिना लागल्यासारखं गरम झालं. अंगावरची बंडी टोचायला लागली. मी ती काढून फेकली. वाऱ्यात उघडा बसलो आणि मला फार बरं वाटत होतं.

आजही कोणी विचारतं, शालिकभाऊ, लय त्रास झाला असेल ना? खरं सांगू का, शेवटी शेवटी काहीच त्रास नव्हता. म्हणूनच ते इतकं वाईट आहे.

पुस्तकलेनं सांगितलेलं

इथून पुढचं मला पुस्तकलेनं सांगितलं. ती जेवणाचा डबा घेऊन पाळीवर आली तेव्हा मी उघडाबंब बसलो होतो आणि काका आणि डोंग्यातून परतलेले दोघे भाऊबंद हसत होते.

"काय झालं यायले?" तिनं विचारलं.

"काही नाही व," काका म्हणाले. "चढली त्याले. बंडी काढून फेकली, मने गरम होऊन राहिलं. झोपू दे घटकाभर."

ती माझ्यासमोर बसली. माझे ओठ जांभळे होते आणि मी कुडकुडत नव्हतो. "आइकता का? काऊन असे बसले? बंडी कायले काढली?"

मी तिच्याकडे पाहिलं आणि अगदी सावकाश, जड जिभेनं विचारलं, "बाबा जेवले का?"

माझा बाप जाऊन जन्म लोटला होता. पुस्तकलेनं त्याला फोटोतही पाहिलेलं नाही, कारण घरी फोटोच नाही.

ती सांगते की तेव्हाच तिला कळलं, हे काही वेगळं आहे. पण भाऊबंद अजून हसतच होते, कारण माझ्या तोंडाला मोहाचा वास येत होता, आणि वास आला की पुढचा विचार कोण करतं? ती उठली आणि ओरडली, "हे दारूचं काम नोहे! हे पेले का हिंदी बोलतात. साऱ्या गावाले माहीत आहे. आज मराठी बोलून राहिले, आन मेलेल्या बापाले विचारून राहिले!"

त्यावर सगळ्यांचं हसू थांबलं. गोष्ट खरी होती. मला हिंदीशिवाय चढलेली कोणीच पाहिली नव्हती.

"मंग थंडी भरली असन," काका म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी घाईघाईनं बाटली उघडली, माझं डोकं मांडीवर घेतलं आणि बाटली माझ्या ओठाला लावली. "घे गा बापू. दोन घोट घे. आता गरम होते."

पुस्तकलेनं बाटलीला असा फटका मारला की ती घरंगळत पाण्यात गेली. तिला तेव्हा वैद्यकातलं काही माहीत नव्हतं. ती नंतर डॉक्टरांनाही म्हणाली, "मले काय समजते? मले त्या बाटलीचा राग आला." माझ्या आयुष्यात बायकोच्या रागाचा मला अनेकदा त्रास झाला आहे. त्या सगळ्याची त्या एका फटक्यात फेड झाली, असं मी मानतो.

तिनं माझं ओलं धोतर काढलं, कोरड्या बारदान्यांत मला गुंडाळलं आणि भाऊबंदांकडून उचलून, तेवढ्यात आलेल्या व्यापाऱ्याच्या टेम्पोत घातलं. टेम्पोवाला गोंदियाचा. त्यानं वास घेतला आणि नाक मुरडलं. "भाभी, ये तो टुन्न है. गाड़ी में उल्टी करेगा."

"भैया, तुम गाडी चालव," पुस्तकला म्हणाली. "उलटी करेगा तो मी धुयीन."

तिचं हिंदी ऐकून की तिचा चेहरा पाहून, माहीत नाही, पण त्यानं मुकाट्यानं सीटमागची रजई काढून दिली. त्या रजईत ती मला छातीशी धरून बसली, गोंदिया येईपर्यंत. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत तिनं कधी माझा हातसुद्धा धरला नव्हता. काका पायाशी बसून माझे तळवे जोरजोरात घासत होते आणि रडत होते.

डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला

दवाखान्याच्या दारातही तेच झालं. कोणीतरी म्हणालं, प्यायलेला आहे, कोपऱ्यात झोपवा, उतरली की जाईल घरी. पुस्तकलेनं हिंदीची गोष्ट तिथंही सांगितली. आजूबाजूचे लोक हसले. एक तरुण डॉक्टर बाई होत्या, त्या हसल्या नाहीत. त्यांनी रजईखाली हात घालून माझ्या पोटावर ठेवला आणि तसाच ठेवला. पोटही गार होतं. नेहमीच्या थर्मामीटरवर आकडाच येईना, म्हणून त्यांनी दुसरं मागवलं.

"यांना दारू चढलेली नाही," त्या पुस्तकलेला म्हणाल्या. "हे आतून गारठलेत. तुम्ही बरोबर बोलताय."

मला खाटेवर घेतलं, कोमट सलाईन लावलं, छातीशी आणि काखेत कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशव्या ठेवल्या. काका अजून तळवे घासत होते. डॉक्टर बाईंनी त्यांचे दोन्ही हात हळूच धरले आणि बाजूला केले. "काका, घासू नका. हातापायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे गेलं तर झेपणार नाही. आधी मधलं अंग गरम होऊ द्या." काका हात तसेच हवेत धरून उभे राहिले, असं पुस्तकला सांगते. त्या हातांचं आता काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं.

मला पहिली शुद्ध आली ती दातांच्या आवाजानं. सगळी खाट हलत होती. मी थंडीनं असा कापत होतो की जीभ चावली गेली. मला वाटलं, हे मरण. आणि शेजारी उभ्या सिस्टर हसत होत्या. "काँपने लगा! अच्छा है, काँपने दो." पुस्तकलाही हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. मी इतका वाईट कापतोय आणि या दोघींना आनंद कसला झालाय, या विचारानं मला पुन्हा ग्लानी आली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं. माझ्या भाषेत सांगतो. थंडीत शरीर शहाण्या घरासारखं वागतं. ओसरीचं दार लावून घेतं, सगळी ऊब माजघरात ठेवतं, आणि चूल पेटवतं. ती चूल म्हणजे कुडकुडणं. दारू काय करते? दार उघडते. आतली ऊब ओसरीवर येते, म्हणून गाल गरम, कान गरम, माणूस खूश. ती ऊब तिथून वाऱ्यावर जाते. वर चूलही विझते. आणि आपल्याला घर गार पडतंय हे कळायची जी अक्कल असते तीही दारूच झोपवते. मी काकांकडे पाहून हसलो होतो तेव्हा माझी चूल विझत होती.

वॉर्ड

तलावाचं पाणी छातीत गेलं होतं की नुसत्या थंडीनं, माहीत नाही, पण मला निमोनिया झाला आणि मुक्काम लांबला. दवाखान्यात सकाळ फिनाईलच्या वासानं होते. मग चहा, मग राउंड, मग सुई. सुई देणाऱ्या सिस्टर चांगल्या होत्या; आधी बोलण्यात गुंतवायच्या आणि सुई कधी टोचली ते कळायचं नाही. दुपारी खिडकीतून उन्हाचा एक पट्टा माझ्या खाटेवर यायचा. मी त्याच्याबरोबर सरकत जायचो, आधी गुडघे, मग पोट, मग छाती. आयुष्यभर उन्हात राबलो, पण उन्हाचे आभार मानायचं कधी सुचलं नव्हतं.

एका दुपारी पुस्तकलेचा डोळा लागला होता. मला तहान लागली. समोरून सिस्टर जात होत्या, त्या हिंदीच बोलायच्या, म्हणून मी म्हणालो, "सिस्टर, थोड़ा पानी मिलेगा क्या?"

पुस्तकला ताडकन उठली. "कोनं पाजली यायले? कोनं आनली इथं?"

तिला शांत करायला सिस्टरांना आणि शेजारच्या खाटांवरच्या दोघा पेशंटांना मिळून साक्ष द्यावी लागली. त्यानंतर वॉर्डात मी पाणीही मराठीतच मागितलं.

टेम्पोवाला एक दिवस आला. मला वाटलं, रजई न्यायला आला. तो पेरू घेऊन आला होता. पुस्तकलेनं धुऊन घडी केलेली रजई पुढे केली तर म्हणाला, "रहने दो भाभी. ठंड अभी गई नहीं है." ती रजई आजही आमच्याकडे आहे.

रात्री मात्र मला भीती वाटायची, आणि ती मरणाची नव्हती. माझे पाय बधिर झाले होते. तळवे जमिनीला लागलेले कळायचे नाहीत, आणि कधी एकदम आग व्हायची. डॉक्टर बाई म्हणाल्या, नसा गारठ्यानं दुखावल्यात, सुधारतील, पण वेळ लागेल आणि किती सुधारतील ते आज सांगता येणार नाही. तलावाचा तळ ढिवराला पायांनीच कळतो. चिखल कुठे, खड्डा कुठे, वेलाचं मूळ कुठे. पाय गेले तर माझ्याकडे बी.ए. तेवढं उरणार होतं. मी न्हाणीघरात जाऊन रडलो, नळ सोडून, म्हणजे पुस्तकलेला ऐकू जाऊ नये. ती दारात टॉवेल घेऊन उभी होती. तिनं ऐकलं होतंच. तिनं टॉवेल पुढे केला.

बाकावर

एवढ्या दिवसांत फागूकाका मला एकदाही भेटले नाहीत. मला वाटलं, लाज वाटत असेल. मग कळलं की ते रोज येत होते. गावाहून सकाळच्या एसटीनं यायचे, दवाखान्याच्या आवारातल्या झाडाखालच्या बाकावर बसायचे आणि शेवटच्या गाडीनं जायचे. पुस्तकला त्यांना आत येऊ देत नव्हती. ते दुपट्ट्यात बांधून उकडलेले शिंगाडे आणायचे, ती ते तसेच परत पाठवायची.

"ते काकाजी आहेत," मी म्हणालो.

"यायनं तुमाले मारलंच होतं."

"त्यायनं आपल्या हिशेबानं औषधच देल्लं."

"मंग ते औषध त्यायलेच पेऊ द्या," ती म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. गावाकडून फोन यायचे. कोणी म्हणायचं, सून फार चढली. कोणी म्हणायचं, म्हाताऱ्यानं पोरगा घालवला होता. मला दोन्ही बाजूंचं ऐकावं लागायचं, आणि आजारी माणसाला फोन ठेवून द्यायची सवलत असते तेवढी मी पुरेपूर वापरली.

बाहेर उन्हात बसायची परवानगी मिळाली त्या दिवशी मी भिंत धरधरून बाकापर्यंत गेलो. पुस्तकला मागे होती. काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या पायांकडे पाहत राहिले.

"शालिक," ते म्हणाले, "तुह्या बापानंही बंडी काढली होती गा."

मला आधी समजलं नाही. "कवा?"

"त्या दिवशी. मी होतो ना पाळीवर. गरम होऊन राहिलं, मने. आमी हासलो. चढली त्याले, मनलं. मंग मले वाटलं थंडी असन, तर मीच अजून पाजली." त्यांनी मांडीवरच्या दुपट्ट्याची गाठ घट्ट केली. "अर्धी बाटली पाजली मी त्याले. आमच्या बापानं शिकवलं तसं. मंग तो झोपला."

मी बाकावर त्यांच्याशेजारी बसलो. काका पुढे म्हणाले, "साऱ्या गावानं मनलं, दारूनं मेला. मीही मनलं. तुही माय तवा मनत होती, त्यायले दोन घोटांनं काही होत नव्हतं. कोनं आइकलं तिचं?"

माझी आई गप्प होती असं मी जन्मभर समजत होतो. ती गप्प नव्हती. तिचं कोणी ऐकलं नव्हतं, आणि मग ती गप्प झाली होती. पुस्तकलेचं ऐकलं गेलं, एवढाच माझ्यात आणि बापात फरक.

मी नंतर डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, न पाहिलेल्या पेशंटबद्दल मी सांगू शकत नाही, पण तुम्ही म्हणता तसं घडू शकतं. मला तेवढं पुरे झालं. माझा बाप बेवडा म्हणून मेला नव्हता. काम करता करता गारठून मेला होता, आणि मरताना लोक त्याला हसत होते. मी आजारातून उठलो त्याहून हे समजल्याचा मला जास्त आधार वाटतो. एवढ्या उशिरा का होईना, बाप मला परत मिळाला.

त्या दिवशी बाकावर पुस्तकलेनं सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली. मग काकांच्या पलीकडे बसली, त्यांच्या मांडीवरचा दुपट्टा ओढून घेतला, गाठ सोडली आणि शिंगाडे सोलायला लागली. पहिला गर तिनं त्यांच्या हातावर ठेवला.

"खा, काकाजी," ती म्हणाली. "सकाळपासून उपाशी असान."

पाळीवर

पाय सुधारायला बरेच महिने गेले. शेकोटीजवळ पाय नेऊ नका असं बजावलं होतं, कारण भाजलं तरी कळलं नसतं. पुस्तकला रोज कोमट पाण्यात पाय ठेवायला लावायची आणि पाणी आधी स्वतःच्या हातानं पाहायची. उन्हाळा लागला तसा पायांत जीव आला. डाव्या अंगठ्यात अजून मुंग्या येतात. त्याचं माझं आता जमलं आहे.

या काळात मी आजूबाजूच्या तलावांवर जाऊन लोकांना सांगत फिरलो. लोकांनी टिंगल केली. "बी.ए. आला, बाटल्या लपवा रे." मी म्हणालो, लपवू नका, घरी ठेवा. घरी जाऊन, कोरडे होऊन, जेवून काय करायचं ते करा, पण पाण्याआधी नको आणि पाण्यात असताना तर नकोच. कुडकुडायला लागलात की बाहेर या. पाळीवर कोरडं पांघरूण ठेवा. माणूस कुडकुडायचा थांबला, अडखळत बोलायला लागला, कपडे काढायला लागला, तर हसू नका, वास घेऊन निकाल लावू नका. ओलं काढा, कोरडं गुंडाळा, आडवं ठेवा, दवाखाना गाठा. शुद्धीत असेल, नीट गिळत असेल तर गोड चहा द्या. आणि त्याची बायको काही सांगत असेल तर आधी तिचं ऐका.

नव्या तोडणीला मी पाण्यात उतरणार म्हटल्यावर घरात भांडण झालंच. पुस्तकला सालेकशाला माहेरी जायची पिशवी भरून बसली. मग पिशवी रिकामी केली आणि म्हणाली, "मी पाळीवर बसीन. मी सांगीन तवा बाहेर याचं." मी हो म्हणालो. माझी दुसरं काही म्हणायची लायकीही नव्हती.

त्या सकाळी वारा होता. काका पाळीवर उभे राहिले आणि देवाला धार सोडायला लागले. अर्ध्यावर त्यांचा हात सवयीनं थांबला. उरलेली बाटली माझी होती. ते माझ्याकडे पाहत राहिले.

"पुरी वता, काकाजी," पुस्तकला म्हणाली. "देवाले थंडी वाजत असन."

काकांनी पुरी ओतली. शेवटचे थेंब झटकले. मग पाण्याकडे पाहून, अगदी हळू, म्हणाले, "दादा, घे गा. आता तुलेच."

मी उतरलो. पायाखाली चिखल लागला, थंडगार, मऊ, आणि मला तो सगळा कळला. वेल उलटला, शिंगाडे तोडले, आणि अंग कापायला लागलं तेव्हा वर पाहिलं. पुस्तकला आधीच उठून हात हलवत होती.

मी पाळीवर आलो. काकांनी माझ्याभोवती रजई टाकली, तीच, टेम्पोवाल्याची. पुस्तकलेनं थर्मासातला गुळाचा चहा ओतला, पण कप लगेच दिला नाही. माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाली, "बोला काही."

दात इतके वाजत होते की शब्द फुटेना. "थ... थंडी... वाजून राहिली."

ती हसली. कप माझ्या हातात दिला आणि माझे दोन्ही हात स्वतःच्या हातांनी कपाभोवती धरून ठेवले, काकांसमोर, भाऊबंदांसमोर.

"वाजू द्या," ती म्हणाली. "खूप वाजू द्या."